पुसलेली भिंत आणि उसनी आठवण : नलिनी मलानी यांचा कलाप्रवास

मराठीत 'आठवण' आणि 'स्मृती' हे शब्द आपण बहुधा एकमेकांच्या जागी वापरतो. त्यांतला भेद मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. ज्याने अनुभवले त्याची आठवण; ती त्याच्याबरोबर येते आणि त्याच्याबरोबर जाते. 'स्मृती' या शब्दाला परंपरेने आणखी एक अर्थ दिला आहे. श्रुतीनंतर येणारी, स्मरून सांगितलेली आणि पुढच्या पिढ्यांनी संहितेच्या रूपात जपलेली, तीही स्मृतीच. अशी स्मृती स्वतः काही न अनुभवलेल्या माणसापर्यंतही पोहोचते. तिला सांगणारा लागतो, ऐकणारा लागतो, आणि काय जपायचे व काय गाळायचे हे ठरवणारा अधिकारही लागतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले तेव्हा हा अधिकारच नाकारला गेला होता. स्मृती निवडता येते, नाकारता येते, नव्याने रचताही येते. नलिनी मलानी यांच्या सुमारे साडेपाच दशकांच्या कलाप्रवासाचा विचार करताना हा भेद हाताशी ठेवणे उपयोगी पडते. ज्या घटनेने त्यांचे आयुष्य घडवले तिची त्यांना आठवण नाही. तिची स्मृती त्यांना रचावी लागली, आणि त्या रचनेचे साहित्य त्यांनी मोठ्या प्रमाणावर साहित्यातूनच आणले.

मलानी यांचा जन्म १९४६ च्या फेब्रुवारीत कराचीला झाला. फाळणी झाली तेव्हा त्या दीड वर्षाच्या होत्या. कुटुंब निर्वासित होऊन कलकत्त्याला आले. वडील टाटा एअरलाइन्समध्ये, म्हणजे पुढच्या एअर इंडियामध्ये, नोकरीला होते. पुढे हे कुटुंब मुंबईत आले आणि विस्थापित सिंधी कुटुंबांसाठी उभारलेल्या वसाहतीत राहू लागले. पंजाबात किंवा बंगालात अर्धा प्रांत तरी या बाजूला राहिला. सिंधचा मात्र कोणताच भाग भारतात आला नाही. सिंधी निर्वासिताच्या वाट्याला घराबरोबर भूगोलही हरवणे आले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीचे १९४९ साली उल्हासनगर झाले, चेंबूरला वसाहत उभी राहिली. महाराष्ट्राच्या नकाशावर या हरवलेपणाच्या खुणा अशा आजही दिसतात. मराठी कथा-कादंबरीच्या केंद्रस्थानी मात्र फाळणी क्वचितच आली. आपल्याला ती शेजाऱ्याची गोष्ट वाटत राहिली. याच शहरात वाढलेल्या एका चित्रकर्तीने ती कशी मांडली हे पाहण्याचे कारण त्यामुळे आपल्याला अधिकच आहे.

१९६४ ते १९६९ या काळात मलानी सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकल्या. याच सुमारास ब्रीच कँडीच्या भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना काम करायला जागा मिळाली. तेथे चित्रकार, नट, नर्तक, संगीतकार एकाच छपराखाली काम करीत. कलांमधल्या भिंती पातळ असतात हे त्या पुस्तकातून शिकल्या नाहीत, शेजारच्या खोलीतून शिकल्या, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. अकबर पदमसी यांनी १९६९ साली आपल्या नेहरू फेलोशिपच्या पैशातून 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' सुरू केले. तेथे मलानी सर्वांत लहान आणि एकट्याच स्त्री होत्या. चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या या मुलीने तेथे कॅमेरा हाती घेतला.

त्या काळातील 'ड्रीम हाउसेस' हा लघुपट रंगीत आहे. वास्तुरचनेच्या एका छोट्या प्रतिकृतीवर बदलता प्रकाश टाकून तो केला आहे. चार्ल्स कोरिया यांच्यासारखे वास्तुविशारद नव्या नगरांची स्वप्ने रेखाटत होते तो हा काळ. १९७० ते १९७२ ही वर्षे मलानी यांनी फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसमध्ये काढली. परतल्यावर १९७६ साली त्यांनी त्या जुन्या लघुपटाशेजारी एक कृष्णधवल लघुपट ठेवला. त्यात एक तरुणी मुंबईकडे, तिच्या इमारतींकडे आणि झोपड्यांकडे पाहत उभी आहे. या जोडकृतीचे नाव 'यूटोपिया'. दोन पडदे, मध्ये सात वर्षांचे अंतर, आणि आणीबाणीचा काळ. स्वप्न रंगीत होते आणि जाग कृष्णधवल, एवढ्यावर ही कृती संपत नाही. दोन्ही पडदे एकाच वेळी चालू असल्याने पाहणाऱ्याला एकाची निवड करून दुसऱ्याकडे पाठ फिरवता येत नाही. एकाच क्षणी दोन काळ समोर ठेवण्याची ही रीत पुढे त्यांच्या सगळ्या कामाचा पाया झाली.

ऐंशीच्या दशकात त्या प्रामुख्याने चित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. १९८१ च्या 'प्लेस फॉर पीपल' या प्रदर्शनात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम्, जोगेन चौधरी आणि आपले सुधीर पटवर्धन यांच्याबरोबर त्यांची चित्रे होती. अमूर्ताच्या प्रतिष्ठेच्या काळात माणूस, त्याचे घर आणि त्याची गल्ली यांना चित्रात परत आणणारे हे प्रदर्शन होते. गीता कपूर यांनी त्याचे टिपण लिहिले होते. या गटात मलानी पुन्हा एकट्याच स्त्री होत्या. १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी स्त्री-कलावंतांनी स्वतः चालवलेली 'ए. आय. आर.' ही गॅलरी पाहिली होती. त्यातून १९८७ ते १९८९ या काळात अर्पिता सिंग, नीलिमा शेख आणि माधवी पारेख यांच्यासह 'थ्रू द लुकिंग ग्लास' हे फिरते प्रदर्शन साकारले. त्याची सुरुवात भोपाळच्या भारत भवनातून झाली.

याच सुमारास त्यांची कार्यशाळा लोहार चाळीत होती. विजेच्या सामानाच्या घाऊक व्यापाराची ही गजबजलेली गल्ली, तेथले हमाल, हातगाड्या आणि पदपथावर संसार मांडणारी माणसे 'हायरोग्लिफ्स, लोहार चाळ' या चित्रमालिकेत आणि चित्रपुस्तकांत आली. नाव बोलके आहे. चित्रलिपी वाचायला शिकावी लागते. मलानी गल्लीकडे दृश्य म्हणून पाहत नाहीत, त्या तिची लिपी लावतात.

१९९२ साली त्यांनी एक असे काम केले की ज्याचा अर्थ त्यानंतरच्या घटनांनी अधिक गडद झाला. नाथद्वारातील जुनी भित्तिचित्रे देखभालीअभावी नष्ट होत होती. त्या वेळी जहांगीर आर्ट गॅलरीच्या इमारतीत असलेल्या गॅलरी केमोल्डमध्ये मलानी यांनी थेट भिंतींवर 'सिटी ऑफ डिझायर्स' हे रेखाचित्र काढले, आणि प्रदर्शन संपल्यावर त्यावर पांढरा रंग फिरवला. विकण्यासारखे काही उरले नाही. त्याच वर्षाच्या ६ डिसेंबरला बाबरी मशीद पाडली गेली आणि डिसेंबर-जानेवारीत मुंबई दंगलीत होरपळली. भिंत आणि तिचा नाश या शब्दांना एकाएकी निराळे वजन आले.

भूमीवरचे चित्र पुसले जाणे आपल्याला नवे नाही. दारापुढची रांगोळी रोज विस्कटते आणि रोज नव्याने घातली जाते. पण रांगोळीच्या पुसण्यात उद्याची खात्री असते. मलानी यांच्या पुसण्यात ती नाही. नाथद्वारातील चित्रे कोणी ठरवून पुसली नव्हती, ती दुर्लक्षाने गेली. येथे पुसणे उघड आहे, तारीखवार आहे, आणि ते पाहणाऱ्याच्या माथी एक काम मारते. चित्र आता फक्त त्याच्यापाशी आहे. त्याने सांगितले तर ते राहील. पुढे जगातल्या अनेक संग्रहालयांत त्यांनी कोळशाने भित्तिचित्रे काढली आणि त्यांचे पुसणे हाच एक प्रयोग केला. संग्रहालय म्हणजे न पुसण्याची हमी देणारी संस्था. तिच्याच भिंतीवर हे घडावे यातला विरोध सहेतुक आहे.

यानंतर त्या चित्राची चौकट सोडून रंगभूमीकडे गेल्या, आणि साहित्याच्या वाचकाला त्यांचा प्रवास येथून विशेष जवळचा वाटू लागतो. १९९३ साली अलकनंदा समर्थ यांच्यासह त्यांनी मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात 'मेडिआप्रोजेक्ट' केले. हायनर म्युलर या जर्मन नाटककाराची संहिता त्यामागे होती. मेडिआ ही परक्या देशातून आणलेली, तिच्या ज्ञानाचा उपयोग करून घेऊन मग टाकून दिलेली स्त्री. पुढे १९९६-९७ मध्ये अनुराधा कपूर यांच्यासह ब्रेख्तच्या कथेवर 'द जॉब' झाले. त्यात पती गेल्यावर त्याचेच नाव आणि त्याचेच कपडे घेऊन त्याची नोकरी करणारी स्त्री आहे. 'अस्मिता' हा शब्द आपल्याकडे बहुधा अभिमानाच्या अंगाने येतो. या दोन्ही कृतींत ओळख ही अभिमानाची गोष्ट नसून तगून राहण्याची गोष्ट आहे. मेडिआची ओळख तिच्याकडून काढून घेतली जाते. ब्रेख्तच्या नायिकेला पोटासाठी दुसऱ्याची ओळख पांघरावी लागते. निर्वासिताला या दोन्ही अवस्था परिचयाच्या असतात.

१९९८ च्या मे महिन्यात भारताने पोखरणला आणि पाकिस्तानने चागईला अणुचाचण्या केल्या. दोन्हीकडे मिठाई वाटली गेली. मलानी यांनी या घटनेला उत्तर म्हणून मंटोची कथा हाती घेतली. 'टोबा टेक सिंग' आपल्या परिचयाची आहे. फाळणीनंतर दोन्ही सरकारे वेड्यांची अदलाबदल करायचे ठरवतात. लाहोरच्या वेड्यांच्या रुग्णालयातला बिशनसिंग आपले गाव कोणत्या देशात आहे एवढेच विचारत राहतो आणि शेवटी दोन कुंपणांमधल्या, कोणाच्याच नसलेल्या जमिनीवर कोसळतो. स्वतः मंटो १९४८ साली मुंबई सोडून लाहोरला गेला. मलानी विरुद्ध दिशेने आल्या. एकाच रेषेच्या दोन बाजूंनी ओलांडलेल्या या दोघांची गाठ या कृतीत पडते.

'रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग' १९९९ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, मांडले गेले. भिंतींवर अणुस्फोटांची दृश्ये आहेत. समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन स्त्रिया एक साडी घडी करू पाहतात, मधल्या अवकाशातून, दोन वेगळ्या पडद्यांवरून. जमिनीवर बारा पत्र्याच्या ट्रंका आहेत. त्यांत दूरचित्रवाणीचे संच आणि त्यांवर बोचकी बांधून निघालेली माणसे. मंटोची कथा वाचणारा आवाज खोलीभर आहे.

साडीची घडी घालणे हे दोघींचे काम आहे. दोन टोके दोघींच्या हाती, मग पुढे येऊन टोके जुळवायची. प्रत्येक घरात हे होते आणि कोणी त्याकडे पाहतही नाही. मलानी यांनी मध्ये फक्त सीमा आणली. बिशनसिंगला जे वाक्यात सांगता येत नव्हते ते या अपुऱ्या घडीत दिसते. मंटोच्या कथेचे हे चित्रण नाही. ही कथा एखाद्या वाचकाने १९९८ साली, बातम्या ऐकता ऐकता, पुन्हा वाचली तर त्याला काय काय दिसेल याची ही मांडणी आहे. त्या वर्षी उर्वशी बुटालिया यांचे 'द अदर साइड ऑफ सायलेन्स' आणि रितू मेनन व कमला भसीन यांचे 'बॉर्डर्स अँड बाउंडरीज' ही पुस्तकेही आली. पन्नास वर्षांनंतर फाळणीचा इतिहास करारांकडून साक्षीकडे, विशेषतः स्त्रियांच्या साक्षीकडे वळत होता. मलानी यांचे काम या वळणाचाच भाग आहे.

२००२ च्या गुजरातमधील हिंसाचारानंतर हे सूत्र अधिक तीव्र झाले. 'युनिटी इन डायव्हर्सिटी' या २००३ च्या कृतीत त्यांनी राजा रविवर्म्याचे 'गॅलॅक्सी ऑफ म्युझिशियन्स' हे चित्र घेतले. निरनिराळ्या प्रांतांच्या पोशाखांतील अकरा स्त्रिया एकत्र वाद्ये वाजवीत आहेत, असे ते चित्र. रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेल्या तसबिरींनी आपल्या घरांच्या भिंती आणि देवांचे चेहरे ठरवले. मलानी यांच्या मांडणीत मध्यमवर्गीय दिवाणखान्याच्या भिंतीवर ते संगीत सुरू असते आणि बंदुकीच्या आवाजाने मोडते. २००५ च्या व्हेनिस बिएनालेतील 'मदर इंडिया: ट्रान्झॅक्शन्स इन द कन्स्ट्रक्शन ऑफ पेन' या कृतीमागे मानववंशशास्त्रज्ञ वीणा दास यांचा निबंध होता. फाळणीच्या काळात पळवल्या गेलेल्या स्त्रियांचा अंदाज पाऊण लाखाच्या घरात केला जातो. १९४९ साली त्यांच्या 'परतफेडी'साठी खास कायदा झाला. त्यात त्या स्त्रीला कोठे राहायचे आहे हा प्रश्न गौण ठरला. देशाला माता म्हणायचे आणि स्त्रीला देशाची मालमत्ता समजायचे, या दोन गोष्टी किती सहज एकत्र नांदतात हे ती पाच पडद्यांची कृती दाखवते.

याच काळात मलानी यांची सर्वपरिचित पद्धत सिद्ध झाली. पारदर्शक दंडगोलांच्या आतून चित्रे काढायची, ते दंडगोल छताला टांगून संथ फिरवायचे, त्यांवर व्हिडिओचा प्रकाश सोडायचा, आणि भिंतींवर सावल्या व चित्रे एकमेकांतून जाऊ द्यायची. पारदर्शक पृष्ठाच्या मागून चित्र काढताना क्रम उलटा होतो. कॅनव्हासवर जे शेवटी येते, म्हणजे डोळ्यातला ठिपका, दागिन्याची कड, ते येथे आधी काढावे लागते आणि पार्श्वभूमी शेवटी. स्मरणाचा क्रमही असाच नाही का? आधी एखादा तपशील आठवतो आणि त्यामागचा प्रसंग हळूहळू भरत जातो.

२०१२ साली कासेलच्या 'डॉक्युमेंटा'मध्ये मांडलेले 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड' हे या पद्धतीतले त्यांचे बहुधा सर्वांत गाजलेले काम. शीर्षक फैज यांच्या कवितेवरून. मध्यवर्ती आवाज ख्रिस्टा वोल्फच्या कॅसांड्राचा, जिला भविष्य दिसते पण जिच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. आणि तिच्याबरोबर महाश्वेतादेवींची द्रौपदी. सावल्या फिरत असतात. एखादी संहिता ओळखू येते न येते तोच ती सरकते.

येथे एक आक्षेप नोंदवणे आवश्यक वाटते. मेडिआ, कॅसांड्रा आणि द्रौपदी यांना एका साखळीत ओवले की पीडित स्त्री नावाची एक सर्वकालिक प्रतिमा तयार होण्याचा धोका असतो. महाश्वेतादेवींच्या कथेतील दोपदी मेझेन ही संथाळ आहे. तिचे नाव महाभारतातून तिच्यावर लादलेले आहे, आणि त्या नावाच्या दोन उच्चारांमधल्या अंतरातच कथेचे राजकारण आहे. तिला पुन्हा मिथकांच्या रांगेत बसवले तर ते अंतर मिटते. युरोपातल्या प्रेक्षकाला ती कॅसांड्राची बहीण म्हणून सहज कळते. संथाळ म्हणून कळणे अवघड जाते. मलानी यांच्या कामातील संदर्भांची दाटी ही त्यांची शक्ती आहे हे मान्य करूनही, या दाटीत कधी कधी एका व्यक्तीची विशिष्ट वेदना सार्वत्रिक वेदनेत विरघळते, असे म्हणावे लागते. 'टोबा टेक सिंग'मधील साडी आणि ट्रंक यांची साधी नेमकी पकड दंडगोलांच्या वैभवात नेहमीच टिकत नाही.

हा आक्षेप पुढच्या कामामुळे सौम्य होतो. २०१७ पासून मलानी आयपॅडवर बोटाने रेखाटने करून छोटे चलत्पट तयार करू लागल्या. 'कॅन यू हिअर मी?' या कृतीत असे कित्येक चलत्पट भिंतींवर एकाच वेळी चालू असतात: ओरखड्यासारख्या रेषा, दोन-तीन शब्द, एक धावती मुलगी. २०१८ साली जम्मूतील कठुआ येथे आठ वर्षांच्या मुलीवर झालेल्या अत्याचाराची आणि तिच्या हत्येची वेदना त्यामागे आहे. शीर्षकातला प्रश्न त्या मुलीचा आहे, आणि या वेळी तिच्यावर कोणत्याही मिथकाचे नाव चढवलेले नाही. १९९२ च्या भिंतीवरची कोळशाची रेषा येथे पडद्यावर आली आहे. ती उमटते, पुसली जाते, पुन्हा उमटते.

गौरव उशिरा पण भरपूर आला. २०१३ मध्ये फुकुओका पुरस्कार, २०१७-१८ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात सिंहावलोकनी प्रदर्शन, २०१९ मध्ये होआन मिरो पुरस्कार, २०२३ मध्ये क्योटो पुरस्कार. त्याच २०२३ साली लंडनच्या नॅशनल गॅलरीत 'माय रिॲलिटी इज डिफरंट' मांडले गेले. तेथे युरोपीय परंपरेतील थोर चित्रांच्या प्रतिमांवर मलानी यांची चलत् रेखाटने धावत होती, झाकत होती, उघडत होती. वसाहतीच्या काळात आपल्या चित्रशाळांतून ज्या परंपरेचे धडे गिरवले गेले तिच्याच घरी जाऊन तिच्यावर समासात टिपा लिहिण्यासारखे हे होते.

समासातील टिपा हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. मलानी यांना संकल्पनाकलेच्या वर्गात बसवले जाते, आणि ते चूक नाही. पण त्यांच्या संकल्पना बहुतेक वेळा वाचनातून आलेल्या आहेत. कराचीची आठवण नसलेल्या मुलीला मंटोने कुंपण दिले, म्युलरने परकेपण दिले, वीणा दास यांनी वेदनेविषयी बोलण्याची भाषा दिली. आपण वर्गात या संहिता शिकतो आणि शिकवतो तेव्हा त्यांचा अर्थ लावून थांबतो. त्या अर्थाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न अभ्यासक्रमात नसतो. स्वतः न सोसलेल्या दुःखाची स्मृती बाळगण्याचा अधिकार मिळतो तो वाचण्याने, आणि तो टिकतो पुन्हा सांगण्याने, असे हा प्रवास सुचवतो. सांगताना कोणाचे नाव गळते आहे याकडे मात्र लक्ष हवे. भिंत पुसली गेल्यावर उरलेले चित्र आता पाहणाऱ्याच्या हवाली असते, आणि त्याच्याही हातून ते पुसले जाऊ शकते.